टाचेतल्या तुकड्याचा भाव

रत्नागिरीच्या मासळीबाजारात भाव पाटीवर लिहिलेला नसतो. तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर लिहिलेला असतो, आणि ते तोंड वाचण्यात भाट्याच्या आवडाबाईचा हात धरणारं अख्ख्या बाजारात कुणी नव्हतं. कोल्हापूरच्या गाडीतून काळा चष्मा लावलेला माणूस उतरला, की सुरमईचा भाव किलोमागे दोनशेने वर जायचा. शाळेतले मास्तर आले की तो जरा खाली यायचा, कारण मास्तर बाजाराला तीन फेऱ्या घालून चौथ्या फेरीला आपल्याकडेच येणार हे तिला ठाऊक असायचं. बँकेतल्या साहेबाला वेगळा भाव, सुट्टीला आलेल्या चाकरमान्याला वेगळा, आणि नव्या नवरीला तर विचारूच नका. सगळ्यांत वरचा भाव डॉक्टरांचा. डॉक्टर घासाघीस करत नाहीत, त्यांना वेळ नसतो, शिवाय त्यांचा पैसा लोकांच्या दुखण्यातून आलेला. तो जरा हलका केला तर पुण्यच लागतं, असं आवडाबाईचं शास्त्र होतं.

या शास्त्राचा भुर्दंड सगळ्यात जास्त भरत होत्या डॉक्टर शमिका सुर्वे. कातडीच्या डॉक्टर. गेली सहा वर्षं दर रविवारी यायच्या, भाव विचारायच्या, तो ऐकून भुवया जरा वर करायच्या आणि पिशवी पुढे करायच्या. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी अशीच पिशवी पुढे केली आणि त्यांची नजर सुरमईवरून घसरली ती आवडाबाईच्या पायावर. आवडाबाई ओट्यावर पाय लांब सोडून बसली होती. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता, कडा वेड्यावाकड्या, मध्ये जरासा उंच.

डॉक्टरीणबाईंनी तो कधीपासून आहे ते विचारलं. आवडाबाई म्हणाली, बंदरावरचा चिखल आहे, घासला की जाईल. चिखल असता तर सहा महिने राहिला नसता हे तिलाही कळत होतं, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, चारचौघांत तिची टाच हातात घेऊन बघितली आणि सांगितलं की उद्याच्या उद्या दवाखान्यात या. यातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. असा डाग कधीकधी कॅन्सरचा असतो. नसेलही, पण तुकडा बघितल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही.

तो शब्द कानावर पडला आणि आवडाबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. ती घाबरली, चांगलीच घाबरली. अट्ठावन्न वर्षांची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा मितेश मुंबईला. या दोन पायांवर तिचं सगळं चाललेलं. घाबरल्यावर लोक देवाचं नाव घेतात. आवडाबाईने भाव विचारला.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. कापायचे अठराशे. लॅबचे साधारण सोळाशे, तो हिशेब लॅबचा, त्यांचा नव्हे. लॅबवाल्यांना आणखी रंग लावून बघावं लागलं तर त्याचे वेगळे.

"म्हंजे नक्की किती?" आवडाबाईने विचारलं.

"नक्की आत्ता नाही सांगता येणार, मावशी. ते तुकडा बघितल्यावरच कळेल."

डॉक्टरीणबाई सुरमई घेऊन गेल्या आणि आवडाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई सूड उगवतेय! सहा वर्षं चढ्या भावाने खाल्लेली सुरमई एका टाचेतून वसूल करतेय! साडेतीन हजारांत डोक्याशेपटीसकट चांगली दांडगी सुरमई येते, आणि ही मसुराच्या डाळीएवढ्या तुकड्याला साडेतीन हजार मागते. वर तुकडा कुणाचा? आवडाबाईचा. घेऊन जाणार कोण? डॉक्टरीणबाई. आणि पैसे द्यायचे ते पुन्हा आवडाबाईनेच. चाळीस वर्षांच्या धंद्यात माल देणाऱ्याने पैसे मोजल्याचं तिने ऐकलं नव्हतं. भीतीची जागा रागाने घेतली, आणि तिला फार बरं वाटलं.

भाव तोंड बघून सांगतात, तर तोंड बदलायचं. दुसऱ्या दिवशी तिने पाटल्या उतरवल्या, कुड्या उतरवल्या, पदराला ठिगळ असलेलं एक जुनं लुगडं शोधून काढलं आणि गावातल्या दुसऱ्या एका कातडीच्या दवाखान्यात जाऊन कोपऱ्यात अंग चोरून बसली. काउंटरवरच्या दिशाने मान वर केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आवडामावशी, आज पाटल्या कुठे गेल्या?" दिशाचं घर भाट्यालाच, आवडाबाईच्या मागच्या आळीत.

तोंड वाया गेलं, पण भिंतीवर दरपत्रक होतं. त्यावर लिहिलं होतं: पंच बायोप्सी, रुपये दोन हजार. आवडाबाई चौथीपर्यंत शिकलेली, आणि हिशेबात तर बी. ए. झालेल्यांना विकून खाईल अशी. पंच म्हणजे पाच. पाचांचे दोन हजार, म्हणजे एकाचे चारशे. एवढा सरळ हिशेब सोडून शमिकाबाई अठराशे सांगतात! ती काउंटरशी गेली आणि मोठ्या मनाने म्हणाली की मला काय पाच नकोत, डाग एकच आहे, एकच द्या. आणि पेटीतून सुट्टं करून देताय म्हणून चारशेचे साडेचारशे घ्या, माझं काही म्हणणं नाही.

दिशाला हसू आवरेना. पंच हा आकडा नव्हे, हत्याराचं नाव आहे, हे तिने दोनदा समजावलं. गोल धारेची नळी असते, ती दाबून फिरवली की गोल तुकडा निघतो. दोन हजारांत तो एकच तुकडा, भुलीचं इंजेक्शन, टाके, पुढच्या दोन पट्ट्या आणि टाके काढायचे पैसे धरलेले. लॅब वेगळी. मग शमिकाबाईंचे अठराशे का? दिशा म्हणाली, त्यांच्याकडे टाके काढायचे वेगळे पडत असतील. काही ठिकाणी अख्खा डागच चाकूने काढतात, तिथे ऑपरेशनच्या खोलीचं भाडं लागतं. काही लॅबमधे कुणीही तपासतं, काही ठिकाणी फक्त कातडीच बघणारा डॉक्टर असतो, तो महाग. मग इकडेतिकडे बघून तिने आवाज खाली आणला आणि सांगितलं, की आमच्या डॉक्टरांनी हा एसी आणि हे सोफे कर्जावर घेतलेत, त्याचंही थोडं त्यात आहे.

आता यातलं आवडाबाईला काही कळलं नाही असं कुणी समजू नये. अख्ख्या माशाचा भाव निराळा, साफ करून तुकडे पाडले की निराळा, डोकं सोडून मधलीच गादी पाहिजे तर निराळा, हे ती रोज शंभर जणांना ऐकवायची. तिला सगळं कळलं. कळलं म्हणूनच विश्वास बसला नाही, कारण हे ऐकवताना आपण मधे किती मारतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दिशाने जाता जाता सांगितलं की सरकारी दवाखान्यात जा, तिथे केसपेपर काढला की जवळजवळ फुकटात होईल. आवडाबाई गेलीही. तिथल्या तरुण डॉक्टरने टाच नीट बघितली, गुरुवारी सकाळी उपाशी नको, पोटभर खाऊन या म्हणाला, तुकडा मोठ्या कॉलेजात जाईल, रिपोर्टला वेळ लागेल पण पैसे पडणार नाहीत. झालं. फुकट म्हटल्यावर आवडाबाईच्या नाकाने काम सुरू केलं. बाजारात दुपारनंतर जो मासा फुकटासारखा मिळतो तो कुठला असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. गुरुवारी ती सकाळी उठून बंदरावर लिलावाला गेली, आणि तो डॉक्टर आपला तिची वाट बघत बसला असेल.

म्हणजे बघा, महाग सांगितलं तर लुटतात आणि फुकट सांगितलं तर शिळं आहे. अशा माणसाला ब्रह्मदेवाने येऊन कापलं असतं तरी ही त्याच्याकडून पावती मागणार होती.

मितेशला फोन केला. तो मुंबईला एका मॉलमधे सुपरवायझर, त्यामुळे त्याला जगातलं सगळं मोबाइलवर कळायचं. त्याने दहा मिनिटांत कळवलं की आई, दीड हजारापासून पंधरा हजारापर्यंत काहीही असतं. एक काचेचं हॉस्पिटल होतं, तिथे बारा हजारांचं पॅकेज, त्यात सगळं धरून आणि वर नाश्ता. नाश्त्याचे किती धरलेत हे आवडाबाईने विचारलं. मितेशला ते सांगता येईना. तो म्हणाला, पैशाचं मी बघतो, तू आधी करून टाक. पोरगा मनापासून बोलत होता. पण ज्याला नाश्त्याचा भाव माहीत नाही त्याचा सल्ला कोण ऐकणार?

असे तीन आठवडे गेले. डाग होता तिथेच होता. आवडाबाई रोज रात्री पाय धुताना त्याच्याकडे बघायची, छातीत एकदा धस्स व्हायचं, मग ती घाईघाईने साडेतीन हजार, दोन हजार, बारा हजार असे आकडे मनात घोळवत झोपायची. आकड्यांचा तेवढा उपयोग होता.

मग चिमा बोलली. चिमा म्हणजे पलीकडच्या ओट्यावरची. वीस वर्षं दोघी शेजारी बसत होत्या आणि वीस वर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत होत्या. चिमाने बोलता बोलता सांगितलं की तिच्या भावाच्या, शिवाच्या, पायातूनही असाच तुकडा काढला होता, पालीला, एका माडीवरच्या डॉक्टरकडे. सगळे मिळून किती, असं आवडाबाईने खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, सातशे.

सातशे! आवडाबाईला त्या रात्री झोप लागली नाही, आणि या वेळी कारण डाग नव्हता. चिमाला जे सातशेत मिळतं ते आवडाबाईने साडेतीन हजारात घ्यायचं? लोक काय म्हणतील? डॉक्टर कोण, शिकलाय किती, त्याने आजवर किती तुकडे काढले, यातला एकही प्रश्न तिच्या डोक्यात आला नाही. सातशेच्या खाली किती येईल, एवढाच आला.

पालीची एसटी पकडून ती दुसऱ्या दिवशी दहाला माडी चढली. डॉक्टर साधा, गावातला, सर्दीपडशापासून गळवापर्यंत सगळं बघणारा. त्याने टाच बघितली आणि म्हणाला, हे रत्नागिरीला कातडीवाल्यांकडे दाखवा. आवडाबाईने ते सोडून दिलं. माल नाही म्हणणारा दुकानदार भाव वाढवत असतो. तिने शिवाचं नाव घेतलं. डॉक्टरला शिवा काही आठवेना. त्याने कापायचे बाराशे सांगितले, लॅबला तो पाठवेल त्याचे वेगळे. आवडाबाई बसली. बाहेर आठ पेशंट खोकत होते, एक पोर ओकत होतं, आणि ही बाकावर ठाण मांडून चिमाच्या भावाचे सातशे, सातशे करत होती. पाऊण तासाने डॉक्टर टेकीला आला. त्याने टाके काढायचे पैसे सोडले, पट्टीचे सोडले, लॅबला पाठवायची जबाबदारी सोडली, आणि सातशेला आला. आवडाबाई साडेसहाशेला उठली. पन्नास रुपयांनी का होईना, चिमाच्या वर पाय राहिला पाहिजे.

डॉक्टरने डागातला जिथे सगळ्यात काळं आणि उंच होतं तिथलाच तुकडा काढला. तेवढं त्याला कळत होतं. दोन टाके घातले, तुकडा छोट्या बाटलीत टाकला, झाकण लावलं आणि बजावलं की आजच लॅबला द्या, बाटलीतलं औषध सांडू नका.

एसटी सुटली तशी आवडाबाईने बाटली उघडून वास घेतला. चाळीस वर्षं जिचं पोट नाकावर चाललंय ती बाई बंद बाटली मांडीवर घेऊन गप्प बसेल होय? वास नाकात गेला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्मालिन! गेल्या वर्षी कुणीतरी मोबाइलवर उठवलं होतं, की बाजारातल्या मासळीला मढी टिकवायचं औषध लावतात. साहेब लोक आले, सुरमईवर कागदाच्या पट्ट्या घासून गेले, बाटलीतला नमुना तिच्या नाकाशी धरून विचारलं की हे वापरता का. पट्टीवर काही निघालं नाही, पण पंधरा दिवस बाजारात कुत्रं फिरकलं नव्हतं. आणि आता त्याच औषधात हिचा स्वतःचा तुकडा! ताजा, साडेसहाशे रुपयांचा! तुकडा बोटाने अडवून तिने बाटलीतलं सगळं औषध खिडकीतून ओतून दिलं. कंडक्टर काहीतरी म्हणाला, तिकडे तिने बघितलंही नाही.

घरी येऊन तिने तुकडा स्वच्छ पाण्यात धुतला, बाटली धुतली, तुकडा आत ठेवला आणि बाटली थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या मधोमध पुरली. वर पुन्हा बर्फ. सकाळ-संध्याकाळ बर्फ बदलायची. पापलेटाचीही तिने कधी इतकी बडदास्त ठेवली नव्हती. चिमाला तिने सांगितलं, "साडेपाचशात केलान." चिमाचं तोंड उतरलं ते बघून टाचेचं दुखणंसुद्धा कमी झालं.

आता माल हातात होता आणि बर्फात होता, तेव्हा घाई कसली? ती लॅबा फिरायला लागली. एकाने सोळाशे सांगितले, दुसऱ्याने चौदाशे, तिसरा बाराशेवर आला. नवव्या दिवशी ती तिसऱ्याकडे बाटली घेऊन गेली. तिथे रुचिरा नावाची मुलगी होती. तिने बाटली उजेडात धरली आणि विचारलं की हे औषधात का नाही. आवडाबाईने अभिमानाने सांगितलं की बिनऔषधाचा आहे, नऊ दिवस बर्फात, एक दिवस खंड नाही. रुचिराचा चेहरा कसनुसा झाला. ती म्हणाली, मावशी, यात काही दिसेल असं वाटत नाही. बर्फाने वास थांबतो, आतलं मरायचं थांबत नाही. पाठवते मी कोल्हापूरला, पण काही निघालं नाही तर पैसे परत मिळणार नाहीत.

आवडाबाईने मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. पोरगी हुशार होती. मालाला नाव ठेवून भाव पाडणारी गिऱ्हाइकं तिने हजारो पाहिली होती. डोळा लाल आहे, कल्ला काळा आहे, पोट मऊ आहे. फक्त ही पोरगी उलट्या बाजूने खेळत होती. आवडाबाई म्हणाली, मालाला नाव ठेवतेस तर शंभर कमी कर. रुचिराने शंभर कमी केले, एका कागदावर तिची सही घेतली आणि बाटली पाठवली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. एकच ओळ होती. नमुना कुजलेला, निदान शक्य नाही.

चाळीस वर्षांत आवडाबाईचा तुकडा कुणी कुजलेला म्हणून परत पाठवला नव्हता. तिने तो कागद तीन जणांकडून वाचून घेतला, कुणीतरी वेगळं वाचेल म्हणून. साडेसहाशे गेले, अकराशे गेले, एसटीचं भाडं गेलं, बर्फ गेला, तेल गेलं तूप गेलं आणि हाती धुपाटणंही आलं नाही, कारण टाचेत आता खड्डा होता आणि खड्ड्याभोवती उरलेला डाग तसाच होता. त्या संध्याकाळी ती पाटी तशीच टाकून शमिकाबाईंच्या दवाखान्यात गेली. ठिगळाचं लुगडं नेसायचं भान राहिलं नव्हतं. मासळीच्या वासासकट गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पंचाचं ऐकताना त्यांना हसू आलं, बर्फाचं ऐकताना ते गेलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर आवडाबाईला बोलायला काहीतरी मिळालं असतं. या वेळी त्यांनी उरलेला डाग सगळाच काढला. ऑपरेशनची खोली, जास्त टाके, कातडीच बघणारा मुंबईचा डॉक्टर, वरचे रंग, सगळं मिळून साडेअकरा हजार झाले. मितेशने पाठवले. आवडाबाईने एक रुपयासुद्धा कमी करायला सांगितला नाही, आणि त्यामुळे डॉक्टरीणबाईंनाच काळजी वाटली.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी तिला खुर्चीत बसवून पाणी दिलं. कॅन्सर होता. कातडीचा, काळ्या डागाचा. पुढे आणखी कातडी काढावी लागणार होती, जांघेतली गाठ तपासावी लागणार होती, ते कोल्हापूरला. आवडाबाईने विचारलं की किती पसरलाय. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे ओढला.

"तेच नीट सांगता येत नाही, मावशी. तो किती खोल गेलाय यावर सगळं अवलंबून असतं. जिथे सगळ्यात जाड होता तोच तुकडा पालीला निघाला. तो असता तर आज मोजून सांगितलं असतं. आता जास्तच खोल धरून चालावं लागणार."

म्हणजे जो तुकडा हे सांगू शकला असता तो तिने खिडकीतून औषध ओतून, साफ धुऊन, नऊ दिवस बर्फात घालून कुजवला होता. शंभर रुपये कमी करून. आवडाबाईने पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती टाच बांधून बाजारात आली. घरी बसून तरी काय करणार? बातमी तिच्या आधी पोचली होती. पहिली आली ती बांगडेवाली, तिने विचारलं, "किती घेतलान?" मग कोळंबीवाली आली, तिने विचारलं किती लागले. मास्तर चौथ्या फेरीला आले, त्यांनी पिशवी पुढे करत विचारलं की एकूण खर्च किती झाला, आणि आपल्या मेव्हण्याने हेच पुण्यात किती स्वस्तात केलं ते सांगितलं. बँकेच्या साहेबाने विमा होता का ते विचारलं. दुपारपर्यंत पंधरावीस जणांनी विचारलं असेल. आवडाबाईने कुणाला चार हजार सांगितले, कुणाला दोन, मास्तरांना तर नऊशे सांगितले. कागदावर काय आलं हे कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

बाजार रिकामा झाला. चिमा आपल्या ओट्यावर पाणी मारत होती. ती मधेच थांबली, झाडू टेकवून उभी राहिली.

"काय निघाला गो?" तिने विचारलं.

सकाळपासून कुणी न विचारलेला प्रश्न असा अंगावर आल्यावर आवडाबाईला खोटं सुचलं नाही. तिने सांगितलं. कॅन्सर निघाला, किती खोल ते कळत नाही, पहिला तुकडा आपणच कुजवला. कुणी ऐकेल याची पर्वा न करता तिने सांगितलं की मला भीती वाटते. चिमा दोन पावलं पुढे आली. मग झाडू खाली टाकून म्हणाली,

"सातशे मी खोटे सांगितले तुला. पालीला नाय, कोल्हापुराला केला शिवाचा. लॅब धरून पाच हजार घेतलान. पाच सांगितले असते तर तू हसली असतीस."

हसलीच असती. महिनाभर हसली असती, गिऱ्हाइकांना सांगून हसली असती, हे आवडाबाईला पक्कं माहीत होतं. तिने तरी साडेसहाशेचे साडेपाचशे केलेच होते. बाजारातली कुठली बाई घेतलेल्या वस्तूचा खरा भाव सांगते? ती ज्या सातशेच्या मागे पालीपर्यंत धावली ते सातशे कुणीच कुणाला दिले नव्हते. पालीच्या डॉक्टरला शिवा आठवत नव्हता, कारण शिवा तिथे कधी गेलाच नव्हता. चिमाच्या झिंज्या धराव्यात असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरंच काहीतरी आलं. शिवाचा तुकडा किती रुपयांत निघाला हे तिने खोदून खोदून विचारलं होतं. त्यात काय निघालं, हे मात्र विचारलंच नव्हतं.

"शिवाचा काय निघाला?" तिने विचारलं.

"हाच," चिमा म्हणाली. "पायाची दोन बोटा गेली. लवकर कळला म्हणून बाकीचा पाय राहिला. घरीच असतो आता."

गणपतीआधी चिमाचा ओटा पंधरा दिवस बंद होता, ते आवडाबाईला आठवलं. तिची सगळी गिऱ्हाइकं तेव्हा आपल्याकडे आली होती, आणि आपण फार खूश होतो, हेही आठवलं. तिने बांधलेल्या टाचेकडे बघितलं आणि पहिल्यांदाच रडायला लागली, मोठ्याने, भर बाजारात. चिमाने तिचा उरलेला बर्फ नालीत ओतला, खोका पुसून बाजूला ठेवला आणि तिच्या ओट्यावर जागा करून शेजारी बसली.